कॉलेजची बस वऱ्हाडात

माझं इंजिनिअरिंग बुडवलं ते आमच्या विभागप्रमुखांनी, कदम सरांनी. नशीब-बिशीब काही म्हणू नका.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेची सकाळ. मी सेनगाव फाट्यावर कॉलेजच्या बसची वाट बघून राहिलो होतो. बस आली, पण कॉलेजकडून, उलट्या दिशेनं. आत सगळं वऱ्हाड, आणि पुढच्या सीटवर फेटा बांधून कदम सर! संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याचं लग्न होतं. मी हात केला तशी बस थांबली.

"सर, आज आमची परीक्षा हाय ना!"

"मंग जीपनं जा की. काहून खोळंबा करून राहिला?"

जीप कुठली? लग्नाची दाट तिथ, साऱ्या जीपा वऱ्हाडातच. शेवटी एका टेम्पोत हळदीच्या पोत्यांवर बसून गेलो. नवरदेवासारखा पिवळा होऊन पोचलो, तोवर बाहेरगावचे परीक्षक परीक्षा उरकून गेले होते.

दुसऱ्या दिवशी कदम सरच माझ्यावर चढले. "कॉलेजनं बसची सोय केली, तरी तुला वेळेवर येता येत न्हाई?"

"सर, त्या बसमधी तुमी होते."

"मोठ्या माणसाला उलटं बोलतो? बापाला घेऊन ये!"

बाप आला. सगळं ऐकलं आणि सरांसमोर मलाच म्हणला, "पाया पड सरच्या."

मी पडलो न्हाई. सरांनी गैरहजेरी कायम ठेवली. माझं वर्ष गेलं आणि कॉलेज सुटलं.