क्लेंकबाईंच्या गाडीचे झाकण

पुरवणी जबाब
दि. १७ जुलै, बुधवार, सकाळी १०.२०

मी एबरहार्ड हेफेले, वय ६८ वर्षे, निवृत्त ट्रॅक्टर मेकॅनिक, राहणार लिंडनगासे ९, तळमजला, ओबरहाल्डेन. कोणी न बोलावता आपण होऊन चौकीत आलो व समक्ष सांगतो की, रविवारी घेतलेला माझा जबाब मला दुरुस्त करायचा आहे.

मी वरील पत्त्यावर एकवीस वर्षे एकटा राहतो. पहिल्या मजल्यावर श्रीमती रोझविता क्लेंक, वय ६२, राहतात. त्यांचे पती सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांची निळी, बटणाने उघडमिट होणाऱ्या कापडी टपाची, दोन सीटची गाडी बाईंकडे राहिली. तिचे इंजिन पुढे नाही व अगदी मागेही नाही. ते सीटच्या पाठीमागे, पोटात आहे. डिकीत ऑइल व पाणी भरायची दोन तोंडे आहेत. इंजिन म्हणून तेवढेच दिसते.

दर शनिवारी मी त्या गाडीचे ऑइल बघत असे. त्याला दोन मिनिटे लागतात. मग वर कॉफी व प्लमचा केक, त्याला दीड तास. बाई पुष्कळदा म्हणाल्या, "अहो हेफेले, मला एकदा इंजिन बघायचंय हो." ते वर्कशॉपच्या लिफ्टशिवाय उघडत नाही, असे मी सांगत आलो. हे खरे नव्हते. मला ते उघडता येत नव्हते. शिकता आले असते, पण एकदा उघडून दाखवल्यावर शनिवारी बोलावणे येईल याची मला खात्री नव्हती.

एप्रिलपासून दुसऱ्या मजल्यावर टिलो मार्क्वार्ट, वय ५७, हा इसम राहतो. तो दातांच्या कवळ्या बनवतो. तिसऱ्या आठवड्यात तो बाईंना "अगं रोझविता" म्हणू लागला. मी एकवीस वर्षे "अहो क्लेंकबाई" म्हणतो. जिना झाडायची बाईंची पाळी असली की तो मी झाडतो हे इमारतीत सर्वांना ठाऊक आहे. जूनपासून मी झाडू घेऊन जातो तेव्हा तो आधीच झाडलेला असतो.

रविवारी दुपारी तीन वाजता मला खिडकीतून दोघे अंगणात गाडीपाशी दिसले. आमच्याकडे रविवारी आवाजाची असली कामे करत नाहीत हे सांगायला मी खाली गेलो. मार्क्वार्ट म्हणाला, "या हेफेलेसाहेब, तुमचीच कमी होती!"

त्याने बटणाने टप अर्धाच उघडला, किल्ली बंद केली व हँडब्रेक सोडला. टप हलवणारे दोन्ही बाजूंचे दांडे स्क्रूड्रायव्हरने सोडवले. कापडाचे पट्टे काढले, मागचे मोठे झाकण उभे केले. मग गालिचा गुंडाळला, पाच खिट्ट्या फिरवल्या व पत्रा उचलला. अकरा मिनिटे लागली. मी घड्याळ बघत होतो.

बाई वाकून म्हणाल्या, "अगं बाई! इतकी वर्षं याच्या जिवावर फिरले आणि तोंडसुद्धा पाहिलं नाही!" मग माझ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही तर लिफ्ट लागते म्हणाला होतात."

मार्क्वार्ट म्हणाला, "त्यांना नको बोलूस. ट्रॅक्टरचं इंजिन कसं, गाईसारखं समोर उभं असतं. ही बया पोटात लपवून बसलीय."

दोघे हसले. मीही हसलो, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. हातोड्याचा आवाज होत होता असे मी रविवारी लिहून दिले. हातोडा नव्हता. आवाज हसण्याचा होता.

आतली सुकी पाने काढून मार्क्वार्टने एक पाइप घट्ट केला. टप मिटण्यासाठी शेवटी एकाने आत बसून बटण दाबायचे असते. बाई म्हणाल्या, "मी बसते." तो म्हणाला, "तू इथंच थांब, माझ्याजवळ टॉर्च धर." म्हणून मी बसलो. "मी सांगेपर्यंत कशाला हात लावू नका," असे त्याने मला स्पष्ट सांगितले.

तो दांडा परत बसवत होता. बाई त्याच्या खांद्याला टेकून वाकल्या. ते मला आरशात दिसले.

या गाडीत हँडब्रेक ओढल्याशिवाय टपाचे बटण चालत नाही. मी ब्रेक ओढला. किल्ली फिरवली. बटण दाबले. दांड्याला जोडलेला टपाचा पोलादी हात बोटभर फिरला व मार्क्वार्टची उजव्या हाताची दोन बोटे मोडली. ब्रेक आधीच ओढलेला होता, किल्ली चालू होती व माझे कोपर लागले, हे मी रविवारी सांगितले ते खोटे आहे.

तेव्हापासून बाई त्याला ब्रेड कापून देतात, शर्टाची बटणे लावतात व टप उघडा टाकून त्याच गाडीतून इस्पितळात नेतात. ही सोय मीच करून दिली.

काल बाई माझ्या दारात आल्या. "हेफेले, मनाला लावून घेऊ नका. टिलो म्हणतो, बटणच तसलं आहे. चुकूनच झालं ना?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं. शनिवारी या." मी त्या शनिवारी जाऊ इच्छितो, पण असा जाऊ शकत नाही. या जबाबाची प्रत त्यांना द्यावी. तोंडाने सांगण्याची हिंमत मला नाही.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. लिहून घेणाऱ्या अंमलदारांनी "बटण दाबले" याच्या आधी आपल्या मनाने "चुकून" घातले होते. ते मी समक्ष खोडायला लावले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

(सही) एबरहार्ड हेफेले