फक्कीची रेघ

सुकेशनी : ...खाली बघा ना आबासाहेब. नुसता मुरूम हाय. परवापर्यंत इथं गुडघ्याएवढं सोयाबीन व्हतं.

आबासाहेब : बघितलं. वाईट झालं. पन तळं कसं भरलंय ते बी बघ की. पालमहून लोक बघायला यायलेत.

सुकेशनी : तळ्याचं जादा पानी सांडव्यातून सुटलं ते माझ्या वावरातून गेलं. सगळी काळी माती धुऊन नेली.

आबासाहेब : सांडवा खांदला कुनी? तूच की. वस्तीवरच्या बायका घेऊन सगळ्यांच्या फुडं तूच.

सुकेशनी : जिथं चुन्याच्या फक्कीची रेघ मारली व्हती तिथं खांदला.

आबासाहेब : मग?

सुकेशनी : इंजिनेर मंजुषा मॅडमनं सांडव्यासाठी मोजून ठोकलेल्या खुंट्या अजून तिकडं हायत. तुमच्या हळदीच्या कडंला. रेघ इकडं कशी आली?

आबासाहेब : मी मारली. मॅडम गेल्यावर.

सुकेशनी : तोंडावर सांगायलाव?

आबासाहेब : लपवायचं काय त्यात? हळद ऱ्हायली म्हनून तुमच्याच बायकांना निंदनीला बोलावतो. तुझ्या या तुकड्यात कुनाला काम मिळालं असतं?

सुकेशनी : मला तेवढाच तुकडा व्हता.

आबासाहेब : गावासाठी कुनाचं तरी जानारच.

सुकेशनी : हा सांडवा बुजवून खुंट्यांवर नवा खांदू. कुनी आलं न्हाई तर मी एकटी खांदते.

आबासाहेब : सभेत मांड. कोन हात वर करतंय बघू. समद्यांच्या विहिरीला पानी उतरलंय आता.

(सुकेशनी वाकून मुरमातून सोयाबीनचं एक मूळ उपटते.)

सुकेशनी : माझी माती खालच्या बंधाऱ्यात जाऊन बसलीय. उन्हाळ्यात गाळ काढताल तवा तेवढी तरी इथं टाका.

आबासाहेब : गाळ वावरवाल्याला मिळतो, सुकेशनी. मुरमावर टाकून वाया घालायचा का?

सुकेशनी : तुमीच मुरूम केला त्येचा!

आबासाहेब : आवाज खाली. उद्या जिल्ह्याचे सायब यायलेत गाव बघायला. बायकांच्या वतीनं तू बोल. तुला चांगलं जमतं.

सुकेशनी : मी न्हाई यायची.

आबासाहेब : तुमच्या वस्तीची पाइपलाइन अजून टाकायची हाय. ध्यानात ऱ्हाऊ दे.

सुकेशनी : ...काय बोलू?

आबासाहेब : पानी आलं म्हन.