पहिल्या पेशंट

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या नव्या डेंटल क्लिनिकमध्ये मी नंबरची वाट बघत होते. डॉक्टर स्वतः बाहेर आली आणि माझ्या शेजारच्या बाईंपुढे थांबली.

"काकू, चला. आज क्लिनिकचा पहिला दिवस, आणि पहिल्या पेशंट तुम्ही."

"रेणू, दोन लहान मुलांना घेऊन घरी असायचीस तू. हे जमवलंस कसं?"

"कोविडच्या दुसऱ्या वर्षी सहा महिने मुलांसाठी सरकारकडून दर महिन्याला पैसे यायचे, आठवतंय?"

"हो की. लोक म्हणायचे, आता बायका घरीच बसतील."

"आमच्या सासूबाई म्हणाल्या, तिसरं होऊ दे, खर्चाची काळजी नाही."

"मग?"

"मी त्या पैशांतून दोघांना डेकेअरमध्ये घातलं आणि इथल्या डेंटिस्टच्या परीक्षेचा अभ्यास केला. पैसे बंद झाले त्याच महिन्यात पास झाले. मग भारतातली डिग्री इथे पुरत नाही म्हणून पुन्हा कॉलेज केलं, दुसऱ्यांकडे नोकरी केली."

काकूंनी आवाज खाली आणला. "आणि सासूबाई आता काय म्हणतात?"

काउंटरमागे पैठणी नेसून बसलेल्या आजींनी मान वर केली.

"म्हणतात, लवकर आत जा. आमच्या डॉक्टरांना अजून सात पेशंट बघायचेत."