मास्तर ओरडत नाहीत

— नाही हो सिस्टर, दुखत नाही, ओढा ती पट्टी खुशाल. टाक्यांच्या भोवती सगळं बधिरच आहे — पोट माझंच, पण शेजारणीचं असल्यासारखं वाटतं. तो ना? नकाशा आहे, सरकवा तिकडे. सहलीचा. गाडीनं जायचंय, आम्ही दोघंच. टूम यांनीच काढलीय. यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे ना, सगळे मास्तर म्हणतात. अख्ख्या संसारात कधी फिरायला नेलं नाही — आणि ऑपरेशन करून घरी आणलं त्याच दिवशी विचारतात, कुठं जाऊया? मी म्हटलं, समुद्र. बरं म्हणाले. म्हटलं, घाटातून जाऊ, त्या जुन्या वळणांच्या रस्त्यानं — तेही बरं! टाके ओले असताना घाट! एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. ओरडणं म्हणजे काय, विचारू नका — क्लचवर कुणाचा पाय चुकला की चौकापर्यंत ऐकू जायचं. पोरी रडत घरी जायच्या. आणि त्याच पास व्हायच्या.

कारण यांची एक खोड आहे. याच्याकडून काही होणार नाही, असं एकदा मनानं घेतलं ना, की त्याच्यावर ओरडायचं नाही. एकदम मऊ — "छान चालवताय, काका." घरी येऊन मला सांगायचे, गेला बिचारा, उगाच कशाला बोलायचं? आम्ही हसायचो त्यावर. मीसुद्धा.

डॉक्टर यांना काय म्हणाले, मी विचारलं नाही. तुम्हीही सांगू नका — तुमचा हात थांबला, तेवढं पुरे. मी आपली रोज नकाशावर रस्ता लांबवत नेते. काल तर उलट्या दिशेनं वळसा घातला. म्हटलं, आता तरी म्हणतील, अक्कल गहाण टाकलीस का? एकदा ओरडा हो, एवढंच हवंय मला. तर नुसते नकाशावर बोट फिरवत बसले. रडू यायला हवं होतं मला. आलं नाही. भूक लागली.

थांबा, आले वाटतं. अहो! मी काय म्हणते — घाटात गाडी मी चालवणार! हो, मीच! स्टिअरिंगला कधी हात लावला नाही म्हणून काय झालं?

ऐकलंत? "चालव की," म्हणाले.

लावा पट्टी, सिस्टर. आणि जाताना दार ओढून घ्या.