काचेला सावली

मी सुनंदा, आमचं घराणं महूचं. आजोबा फौजेत होते, वडील इलेक्ट्रिशियन, मतलब तारा-बिरा मी लहानपणापासून बघितल्या, म्हणून पॉलिटेक्निक केलं तर इलेक्ट्रिकलच केलं, आई म्हणायची पोरीनं काही दुसरं करावं, वडील म्हणायचे करू दे, हात चालतो तिचा. नोकरी लागली ती इथे इंदूरला, तुकोगंजात, ऑफिसांची जुनी बिल्डिंग आहे, तिची सगळी देखभाल माझ्याकडे, लिफ्ट, पाणी, एसी, जनरेटर, सगळं.

बिल्डिंग मुळात चांगली होती हो. पण मधे काचेची फॅशन आली ना, तेव्हा मालकांनी, आम्ही त्यांना सेठजी म्हणतो, पश्चिमेची भिंत काढून वरपासून खालपर्यंत काच लावली. चमकायची एकदम, आणि काय सांगू तुम्हाला, दुपारी आत माणूस भाजून निघायचा. गच्चीवर एसीचं मशीन धडधडत राहायचं तरी लोक फाइलीनं वारा घ्यायचे. वीज गेली की जनरेटर, त्याचा काळा धूर शेजारच्या दवाखान्यात. मला राग यायचा, विजेसाठी कुठेतरी कोळसा जळतो, इथे डिझेल जळतं, आणि थंड तर कोणीच नाही.

भाडेकरू सोडून जायला लागले. सेठजी म्हणाले सुनंदाजी, अब तोडना पडेगा, नवीन बांधू. मी म्हटलं अहो, सगळं सिमेंट-लोखंड परत नव्यानं, किती भट्ट्या जळतील, आणि तोवर ही माणसं जातील कुठे? आहे तीच सुधारू, काचेला बाहेरून जाळीची सावली करू, गच्ची पांढरी करू, खिडक्या उघडणाऱ्या करू. ते म्हणाले माझ्या काचेवर जाळी? लोग हँसेंगे. मी म्हटलं एक मजला द्या. एकच.

दिला, सगळ्यात वरचा, तापणारा. तिथे फिजिओथेरपीच्या देशपांडे डॉक्टर आहेत, त्या माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या, म्हणाल्या माझे म्हातारे पेशंट हैराण होतात, कर तू, सेठजी काही म्हणाले तर मी बोलते. वेल्डर सलीमभिया गच्चीवरून सोडलेल्या झुल्यावर लटकून जाळ्या बसवत होता आणि खालून लोक विचारत होते, भिया, जेल बना रहे हो क्या?

गच्ची पांढरी झाली, खिडक्या उघडायला लागल्या, मग मे आला. दुपार झाली की खालच्या मजल्यांवरचे लोक चहा घेऊन वर यायला लागले, कोणी म्हणे डॉक्टरांना भेटायचंय, कोणी म्हणे गुडघा दुखतो, अहो कॉलेजातून आत्ता निघालेली पोरं, कसले गुडघे दुखतात! एक दिवस सेठजी स्वतः आले, बाकावर बसले, विचारलं एसी कितने पे है? मी म्हटलं सत्तावीसवर, आणि पंखा. म्हणाले झूठ. मी रिमोट दाखवला. बसल्या बसल्या डोळा लागला त्यांचा, चांगले घोरायला लागले, पेशंट बिचारे हळू बोलायला लागले. उठले आणि म्हणाले, पूरी बिल्डिंग कर डालो.

केली. एसीचं जुनं मशीन क्रेननं उतरवलं, लहान बसवलं, तेवढं पुरतं आता. पुढच्या उन्हाळ्यात भर दुपारी सगळ्या भागाची वीज गेली. पूर्वी असं झालं की एसी जनरेटरला झेपायचा नाही, जिना माणसांनी भरायचा, सगळे बाहेर. मी धावत सुटले, मजल्यामागून मजला बघत गेले, तर खिडक्या उघडलेल्या, वारा खेळतोय, लोक लॅपटॉपवर काम करताहेत, एकजण मलाच विचारतो, मॅडम, इतनी जल्दी में क्यों? जनरेटर फक्त लिफ्टपुरता लागला. मी जिन्यात उभी राहून एकटीच जोरात हसले. देशपांडे डॉक्टर वरून वाकून म्हणाल्या, सुनंदा, जिंकलीस गं!

आता रिकामी खोली मिळत नाही आमच्याकडे. इंदूरच्याच विजय नगरहून मोठ्या बिल्डिंगांचे मालक बघायला येतात, सेठजीच त्यांना फिरवतात, म्हणतात हमारा आइडिया है, मी म्हणते म्हणू दे, काम तर झालं. त्यातल्या एकानं मला बोलावलं, परवा त्यांच्या गच्चीवर उभी राहिले तर चहूकडे काचच काच चमकत होती. ते म्हणाले मॅडम, इतकं सगळं होईल? मी म्हटलं होईल की, का नाही होणार. भलं होवो या शहराचं, काम पुष्कळ पडलंय आणि माझ्या अंगात अजून जोर आहे.