आपोआप लागणारे दार

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या मुख्याध्यापिका आदरणीय रीमाताई, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे केसरीनाथ शेठ, सहकारी शिक्षक, टेमघरहून आवर्जून आलेले शेजारी, विद्यार्थी मित्रहो, आणि एकतीस वर्षे या शाळेची घंटा देऊन आज प्रथमच या व्यासपीठावर बसलेल्या आमच्या सत्कारमूर्ती गुणाबाई,

विज्ञानाच्या शिक्षकाला भाषणाला उभे केले की तो प्रश्न विचारतो. ही खोड आपण सोसावी. घरातले दार अर्धे उघडे आहे, वारा नाही, पंखा बंद आहे, आणि तरीही ते सावकाश, कुणी हात लावल्यासारखे लागत जाते, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? हात वर करू नका. ज्याने पाहिले, त्याला आता ते आठवले असेल.

गुणाबाईंनी ते पाहिले. टेमघरला, केसरीनाथ शेठच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्या बावीस वर्षे भाडेकरू होत्या. तळमजल्यावर लूम, म्हणजे यंत्रमाग. इतकी वर्षे त्यांचे दार जिथे सोडावे तिथे थांबत असे. गेल्या मार्चपासून ते थांबेना. शेजारच्या कमळाताई, त्या पहा पहिल्या रांगेत हसत आहेत, तेव्हा म्हणाल्या, "अगं, तुझा विठू आला आसंल. च्या ठेव." गुणाबाईंचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली होती. त्याही हसल्या. आणि त्या संध्याकाळी त्यांनी खरेच दोन कप चहा ठेवला.

खालचे लूमवाले चाचा म्हणाले, "कुछ नहीं मौसी, लूम का झटका है." भिवंडीत हे उत्तर कुणाला पटणार नाही? भांडे वाजले, लूम. भिंत थरथरली, लूम. अशा आवाजात इमारत काही सांगत असेल, तर ते ऐकू कसे यावे?

पण शुक्रवारी लूम बंद असतात. अशाच एका शुक्रवारी शाळा सुटताना गुणाबाई मला म्हणाल्या, "सर, आज लूम बंद हाय. वारा न्हाय, कोन न्हाय. तरी लागतंय. तुमी या बरं."

दुपारी अडीच वाजता गुणाबाई, कमळाताई आणि मी त्यांच्या खोलीत जमिनीवर बसलो. इतकी शांतता, की मडक्याचे झिरपणे ऐकू यावे. दार अर्ध्यावर सोडले. ते निघाले. कुरकुरले नाही, अडखळले नाही. कमळाताईंनी माझी बाही घट्ट धरली, आणि भूत नसते हे वर्गात शिकवणारा मी ती सोडवूही शकलो नाही.

मग मी पिशवीतून गवंड्याचा ओळंबा काढला. वरच्या बिजागरीपाशी दोरी धरली. खालच्या बिजागरीपासून ती दोन बोटे दूर राहिली. चौकट कलली होती, कारण भिंत कलली होती. दार फक्त उताराकडे जात होते. कारण कळले की भीती जाते, असे मी मुलांना सांगत आलो. त्या दिवशी ती कारण कळल्यावर सुरू झाली.

मी म्हणालो, "बाई, खाली उतरा." त्या म्हणाल्या, "उतरले तर रूम गेली, सर. शेठनी सांगितलंय."

शेठ, रागावू नये. आपल्याप्रमाणेच पुष्कळांना तसे वाटते. म्हणून जरा समजावून सांगतो. धोकादायक इमारत रिकामी केल्याने जुन्या भाडेकरूचा हक्क संपत नाही. मात्र उतरण्यापूर्वी महापालिकेकडून आपल्या खोलीचे मोजमाप नोंदवून त्याचा दाखला घ्यावा. गुणाबाईंनी पहिला अर्ज दिला. मग घरोघर जाऊन त्यांनी अकरा दारे अर्धी उघडायला लावली. नऊ निघाली, आणि नऊही रस्त्याच्या बाजूला. त्यानंतर कुणाला समजवावे लागले नाही. मोजमापे झाली, दाखले मिळाले, माणसे उतरली.

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी भरदुपारी जिना आणि इमारतीची पुढची बाजू खाली बसली. आत कुणी नव्हते. मी पाहायला गेलो. तिसऱ्या मजल्याची एक भिंत उभी होती आणि तिच्यात गुणाबाईंचे दार. पुढे जमीन नाही, मागे खोली नाही. वारा पडलेला. दार सावकाश लागत होते.

आता त्याच जागी नवी इमारत येते आहे, ही आनंदाची गोष्ट. जुन्या भाडेकरूंच्या यादीत दहा नावे आहेत. अकरावे, म्हणजे पहिला अर्ज देणारीचे, राहून गेले आहे. गुणाबाई सध्या अकलोलीला भाचीच्या पडवीत राहतात. मघाशी चहाच्या वेळी शेठ मला म्हणाले, "सर, बाईंचं नाव टाकतो, काळजी न्हाय." त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण ज्या तोंडी शब्दावर अकरा घरे त्या इमारतीत थांबून राहिली होती, तोही शब्दच होता. म्हणून नव्या खोलीचा करारनामा या फायलीत आणला आहे, पेनही आहे. शेठ, आधी सही व्हावी. शाल मागाहून पांघरली तरी गुणाबाईंना थंडी वाजणार नाही.

रीमाताईंनी मला बोलू दिले, आपण उकाड्यात शांतपणे ऐकले, यासाठी मी ऋणी आहे. निरोपाच्या प्रसंगी न शोभणारे काही बोललो असेन, तर ते पोटात घालून मला क्षमा करावी.

आणि घरी गेल्यावर एवढे करा. खिडक्या लावा, पंखा बंद करा, दार अर्धे उघडे सोडा आणि शंभर अंक मोजा. ते पहिल्यापासूनच हलत असेल, तर बहुधा सुताराची चूक. यंदाच हलू लागले असेल, तर चहा ठेवू नका. अर्ज लिहा.