मागावरचा शब्द

(रविवारची दुपार. शहरातल्या सदर भागात, मयुराच्या घरी ऋतुजा आणि तिचा नवरा पंकज पंधरा दिवसांनी आले आहेत. गॅसवर चहा उकळतो आहे.)

ऋतुजा : फोन मीच नाही उचलला, मयुरा. राग नव्हता. शरम वाटे.

मयुरा : माझी शरम? सहा वर्षं एका ऑफिसात शेजारी बसतोय आपण.

ऋतुजा : आपण तिघं एकदा सोबत झोपू, हे पहिले माह्याच तोंडून निघालं. मंग महिनाभर बोललो. काय चालन, काय नाही, सारं ठरवलं. आन् ऐन टायमाले मीच 'तुटला' म्हटलं.

मयुरा : थांबवण्यासाठीच तर तो शब्द ठेवला होता. तूच दिलेला.

ऋतुजा : आजोबाचा शब्द होता तो. उमरेडले एका मागावर दोघं विणत. धागा तुटलेला ज्याले दिसे तो म्हणे, 'तुटला', का दोघांचेबी हात थांबत. कोणाच्यानं तुटला, हे कोणी पुसत नव्हतं.

मयुरा : मग आम्ही पुसलं का?

ऋतुजा : नाही. तू लाइट लावला, चादर देल्ली, पाणी पायजे का विचारलं. तरी मले वाटलं, साऱ्यांची मजा घालवली. जिंदगीत कोणाले नाही म्हटलं नाही वं मी. सासूबाईले नाही, साहेबाले नाही.

मयुरा : काय झालं होतं, ते सांगायचं असेल तर सांग. नसेल तर राहू दे.

ऋतुजा : तुम्ही दोघं कशावर तरी हासले. मले एकटं पडल्यावानी वाटलं. बस, येवढंच.

मयुरा : एवढं पुष्कळ झालं गं.

पंकज : आता मले बोलू द्या. चुकी माही हाय. 'तुटला' म्हणायच्या आधीच ऋतुजा चूप झाली होती. मले दिसलं होतं.

ऋतुजा : मंग काहून नाही विचारलं गा?

पंकज : बारा वर्षांपासून कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे लिलाव करून राहिलो. बोली लागली आन् मालवाला चूप राहिला, का आम्ही सौदा पक्का धरतो. तेच डोक्यात बसलं. चूप हाय, म्हणजे हो हाय.

मयुरा : आम्ही संत्र्याच्या पेट्या नाही, पंकज.

पंकज : समजलं. पंधरा दिवस तेच मनात घोळवून राहिलो. पण अजून एक सांगतो, ऋतुजा. त्या दिवशी घरी जातानी तू गाडीवर मांगं बसून रडून राहिली होती, आन् माही छाती फुगली होती.

ऋतुजा : कशानं?

पंकज : लग्नाच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा तू मले थांबवलं. आता तू हो म्हटलं, का ते खरंच हो हाय, हे मले मालूम हाय. आधी नव्हतं.

मयुरा : मलाही अभिमान वाटला तुझा. म्हणूनच फोन करत होते. पुढं काही होवो न होवो, तुझ्यासोबत मी निर्धास्त आहे.

ऋतुजा : आन् मी इथं येतानी मान खाली घालून आली.

पंकज : मंग वर कर. तुह्या बाजूले बसू का?

ऋतुजा : नाही.

पंकज : बरं.

मयुरा : आणि मी?

ऋतुजा : तूबी नाही. आज पुरा सोफा मले पायजे. पाय पसरून बसतो.

मयुरा : बस. साखर एकच चमचा ना, नेहमीसारखी?

ऋतुजा : दोन टाक. सहा वर्षांपासून मले दोनच लागते.